ब्लॉगर की वर्डप्रेस, डॉट कॉम की डॉट इन? आप्पांच्या वह्यांसाठी केलेली पारख

आप्पा म्हणजे माझे चुलते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, घर सांगलीवाडीत. पावसाळा सुरू झाला की रोज सकाळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जायचं, पाणी किती फूट किती इंच ते बघायचं आणि वहीत उतरवायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. सांगलीत जुलै-ऑगस्टात कुणालाही "पाणी किती?" विचारा, फुटांत उत्तर मिळतं. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. 2019 ला पाणी घरात शिरलं तेव्हा आप्पांनी माळ्यावर सगळ्यात आधी वह्या चढवल्या. 2021 ला परत तीच धावपळ. या वर्षी ते म्हणाले, "बाळा, ह्या वह्या आता नेटवर टाकू. पुढच्या पुरात माझ्याच्यानं माळ्यावर चढणं व्हायचं नाही. कुठं टाकायच्या ते तू बघ."

मी बघितलं. एकच मजकूर घेतला: ऑगस्ट 2019 ची पानं, सहा फोटो आणि तारीखवार पातळीचा एक तक्ता. तो चार ठिकाणी चढवून पाहिला. सांगली-साताऱ्याकडं कुणी ब्लॉग काढायच्या विचारात असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय.

आधी माझं मत सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. बहुतेक जण "ब्लॉगर की वर्डप्रेस" यातच महिनाभर अडकतात आणि नाव, म्हणजे ब्लॉगचा वेबवरचा पत्ता (डोमेन), घाईघाईत पाच मिनिटांत घेतात. करायला पाहिजे बरोबर उलटं. जागा नंतर बदलता येते. नाव बदललं की वाचक तुटतो.

चार जागा, एकच मजकूर

ब्लॉगर ही ब्लॉग लिहायची सेवा 1999 ची, 2003 पासून गुगलकडं. फुकट आहे, आपण स्वतः लावल्याशिवाय जाहिराती दिसत नाहीत, आणि विकत घेतलेलं नाव जोडायला ते वेगळे पैसे घेत नाहीत. फुकटच्या जागेत ही शेवटची सवलत फार मोलाची. आप्पांनी फोनवरून लिहिलं, फोटो टाकले, अर्ध्या तासात पान तयार. सॉफ्टवेअर अद्ययावत करा, सुरक्षा बघा, असली कटकट नाही.

पण एक खाच आहे आणि मराठी लिहिणाऱ्याला ती हमखास लागते. मथळा देवनागरीत लिहिला की ब्लॉगरला त्यातून त्या लेखाचा पत्ता, म्हणजे लिंक, बनवता येत नाही. तो सरळ "ब्लॉग-पोस्ट" असा इंग्रजी पत्ता देतो, पुढच्या लेखाला त्यालाच आकडा जोडतो. पन्नास लेखांनंतर कुठल्या लिंकमध्ये काय आहे ते आपल्यालाच कळत नाही. उपाय सोपा आहे: प्रसिद्ध करायच्या आधी उजवीकडच्या पर्मालिंकच्या (लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या) रकान्यात रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा पत्ता स्वतः लिहायचा. नंतर आठवलं तर लेख परत मसुद्यात न्यावा लागतो, आणि तोवर कुणी व्हॉट्सॲपवर जुनी लिंक पाठवली असेल तर ती गेलीच. आप्पांच्या वहीच्या पहिल्या पानावर मी हे लाल शाईनं लिहून दिलंय.

तक्ता मात्र ब्लॉगरवर रडवतो. आकड्यांच्या ओळी हातानं कोड लिहून बसवाव्या लागल्या. दुसरी भीती गुगलची. त्यांनी 2014 ला ऑर्कुट आणि 2019 ला गुगल प्लस बंद केलं, म्हणून ब्लॉगर कायम राहील असं गृहीत धरू नये. सेटिंगमधून सगळ्या लेखांचा बॅकअप उतरवता येतो. पण त्यातल्या लेखांच्या फाइलीत फोटो नसतात, फक्त फोटोंचे पत्ते असतात. मूळ फोटो घरच्या पेनड्राइव्हवर ठेवा.

वर्डप्रेसच्या बाबतीत लोकांचा मोठा घोळ होतो, कारण त्या नावाच्या दोन वस्तू आहेत. 2003 मध्ये आलेलं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट आणि सगळ्यांसाठी खुलं आहे. ते आपण भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर, म्हणजे होस्टिंगवर, बसवायचं. वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच सॉफ्टवेअरवर चालणारी तयार सेवा. तिच्या फुकट योजनेत 1 जीबी जागा मिळते, त्यांच्या जाहिराती आपल्या पानावर दिसतात आणि स्वतःचं नाव जोडायचं तर सशुल्क योजना घ्यावी लागते. पुराच्या आठवणींच्या मधोमध कसलीतरी जाहिरात दिसलेली आप्पांना चालणार नव्हती. मलाही नाही.

स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस सगळ्यात ताकदीचं, यात वाद नाही. तक्त्याचं प्लगइन (जादा सोय देणारा छोटा प्रोग्राम) टाकलं आणि वाचकाला वर्ष निवडून पातळी शोधता यायला लागली. आप्पा स्क्रीनकडं बराच वेळ बघत बसले. त्यांच्या वह्यांचं सोनं तिथंच दिसतं. पण त्याबरोबर जबाबदारी येते: होस्टिंगचं दर वर्षीचं भाडं, प्लगइन आणि थीम (पानाच्या दिसण्याचा साचा) वेळच्या वेळी अद्ययावत करणं, बॅकअप, कॉमेंटमधला कचरा. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त दाखवतात, पण दुसऱ्या वर्षी तोच दुप्पट-तिप्पट झालेला मी पाहिलाय. घरात हे करणारं कुणी नसेल तर दोन वर्षांत ते घर ओस पडतं.

देवनागरी पत्त्याची गोष्ट इथं वेगळी आहे. वर्डप्रेस मराठी मथळ्यातून मराठी पत्ता बनवतं, दिसतोही छान. पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं-आकडे यांची लांबच लांब माळ होते, कारण देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा नऊ चिन्हांत लिहिली जाते. पत्त्याला 200 चिन्हांची मर्यादा, म्हणजे साधारण 22 अक्षरं-मात्रांपुढं मथळा मध्येच तुटतो. इथंही रोमनमध्ये छोटा पत्ता हातानं लिहिलेला बरा.

सबस्टॅक ही वेगळी चीज आहे. लेख थेट वाचकाच्या ईमेलमध्ये जातो. आठवड्याला एक पत्र लिहावं तसं लिहिणाऱ्याला उत्तम, वाचकांच्या ईमेलची यादीही आपल्याला उतरवून घेता येते. सशुल्क वर्गणी लावली तर ते 10 टक्के घेतात, पण ते पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीमार्फत येतात आणि भारतात स्ट्राइप नवीन खातं सरसकट उघडून देत नाही. त्यामुळं वर्गणीच्या आशेनं तिकडं जाऊ नका. जुन्या नोंदींच्या संग्रहाला ती जागा नाही.

नाव: इथं वेळ घाला

आप्पांना "कृष्णामाई" हवं होतं. किती सुंदर नाव! मी तासगावच्या मावशीला फोन लावला, नाव सांगितलं आणि इंग्रजीत टाइप करून पाठवायला सांगितलं. मग विट्याच्या मेहुण्याला, मग साताऱ्यातल्या मित्राला. तिघांची तीन स्पेलिंगं आली. एकानं के-आर-आय लिहिलं, दुसऱ्यानं के-आर-यू, तिसऱ्यानं शेवटी दोन ए. "आप्पांची वही" तर त्याहून अवघड: सुरुवातीला एक ए की दोन, पी एक की दोन, वहीला व्ही की डब्ल्यू? कराड आणि कऱ्हाड, वाईचा व्ही आणि डब्ल्यू, हे आपल्याकडं गावांच्या पाट्यांवरसुद्धा मिटलेलं नाही. ऐकणाऱ्याला स्पेलिंग विचारावं लागलं की समजा नाव कच्चं आहे.

"सांगली"चं स्पेलिंग मात्र स्टेशनच्या पाटीपासून वीजबिलापर्यंत एकच. म्हणून तिथून सुरुवात केली. "सांगलीपूर" सुचलं, पण रोमनमध्ये ते एखाद्या गावाचं नाव वाटतं. "सांगलीपाणी" म्हटल्यावर मावशीनं विचारलं, "नळाचं का?" शेवटी "सांगलीनदी" ठरलं. साधं आहे, पण पुन्हा फोन केले तेव्हा तिघांनीही एकसारखं लिहून पाठवलं. नावात आडवी रेघ आणि आकडा घालू नका. बोलून सांगताना दोन्ही त्रास देतात.

आता नावाचं शेपूट, म्हणजे शेवटचं डॉट कॉम, डॉट इन वगैरे. डॉट कॉम लोकांच्या तोंडात बसलंय, वर्षाला साधारण हजार-बाराशेच्या घरात जातं. डॉट इन 2005 पासून सगळ्यांना खुलं आहे, बहुधा थोडं स्वस्त पडतं, आणि वाचक इथलाच असेल तर त्यात कमीपणा काही नाही. तिसरा पर्याय डॉट भारत, 2014 पासून देवनागरीत मिळणारा. मला त्याचं मनापासून कौतुक आहे, कारण तिथं स्पेलिंगचा प्रश्नच मिटतो: बोलतो तसं लिहायचं. अडचण अशी की आतून तो पत्ता एक्स-एननं सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत साठवला जातो, कॉपी करताना कधीकधी तेच बाहेर येतं आणि कित्येक फॉर्म तो स्वीकारतच नाहीत. म्हणून मुख्य पत्ता रोमन ठेवा. ऐपत असेल तर देवनागरी नाव घेऊन ते मुख्य पत्त्याकडं वळवा.

हे सगळं मी एवढं पोटतिडकीनं का सांगतोय, त्याला कारण आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 ला जिथं नाटक उभं केलं त्या गावात राहून मी काही वर्षं नाटकांवर लिहायचो. नाव एका ओळखीच्या वेब डिझायनरनं त्याच्या ईमेलवर घेतलं होतं. त्यानं धंदा बदलला. मुदत संपल्याची पत्रं त्याच्याकडं गेली, त्यानं उघडली नाहीत. मला कळलं तेव्हा माझ्या पत्त्यावर भलत्याच कुणाची जाहिरात झळकत होती. डॉट कॉमची मुदत संपल्यावर आधी काही दिवस नेहमीच्या दरात सोडवून घेता येतं, मग 30 दिवस जबर दंड भरून, मग 5 दिवसांनी ते सगळ्यांना खुलं होतं. हे सगळे दिवस माझ्या नकळत गेले. लेख माझ्याकडं होते. त्यांच्याकडं येणाऱ्या वाटा संपल्या.

म्हणून नाव स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या नावाच्या बिलानं घ्या. मुलानं, भाच्यानं मदत करावी, पण खातं तुमचं हवं. दर बघताना पहिल्या वर्षाचा नव्हे, रिन्यूअलचा (मुदत वाढवायचा) बघा. एका वेळी 10 वर्षांपर्यंतचे पैसे भरता येतात. आपोआप रिन्यूअलवर विसंबू नका: ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम लागू झाले आणि परदेशी कंपन्यांकडं कार्डातून आपोआप जाणारे पैसे अनेकदा अडकतात. आणि नाव व होस्टिंग एकाच दुकानातून घेतलंच पाहिजे असं नाही. गुगलनंही नावं विकण्याचा धंदा 2023 ला स्क्वेअरस्पेस या कंपनीला विकला. नाव वेगळं असलं की असल्या उलथापालथीत जीव कमी टांगणीला लागतो.

मग कुणी काय घ्यावं

बेदाणा, हळद किंवा कंदी पेढे ऑनलाइन विकायचे असतील तर थेट होस्टिंगवरचं वर्डप्रेस. ठरलेल्या दिवशी नेमानं पत्रासारखं लिहायचं असेल तर सबस्टॅक. नुसतं लिहायचं आणि टिकवायचं असेल तर विकतचं नाव आणि त्यामागं ब्लॉगर.

आप्पांसाठी तेच केलं. डॉट इन घेतलं, पाच वर्षांचे पैसे एकदम भरले. ब्लॉगरनं दोन सीनेम नोंदी (नाव कुठल्या जागेकडं न्यायचं ते सांगणाऱ्या) मागितल्या, त्या नाव विकणाऱ्याच्या पॅनलमध्ये भरल्या आणि दुसऱ्या दिवशी पत्ता चालू झाला. तक्त्याचं प्लगइन हुकलं याची मला हळहळ आहे. पण ब्लॉगरचे पत्ते वर्ष, महिना आणि लेखाचं नाव अशा क्रमानं असतात, आणि वर्डप्रेसमध्ये तोच क्रम लावता येतो. पुढं आप्पांची नात हे सांभाळायला तयार झाली की सगळं तिकडं नेऊ. वाचकाच्या हातातली लिंक तीच राहील.

सध्या आप्पा 2005 च्या पुराची वही टाइप करतायत. रोज दोन पानं, गुगलच्या कीबोर्डवर बोलून, मग चष्मा लावून एकेक आकडा वहीशी ताडून.