पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक, फेब्रुवारी ते दिवाळी 2025

ऐरोलीत खाडीच्या बाजूला फ्लॅट आहे, समोर एकपण बिल्डिंग नाही, व्ह्यू एक नंबर पण दुपारी तीननंतर बेडरूमची नुसती भट्टी. आतून जाड ब्लॅकआउट पडदा होताच, पण ऊन काचेतून आत आलं की पडदाच तापतो आणि ती गरमी खोलीतच राहते. म्हणून फेब्रुवारीत काचेच्या बाहेर, बॉक्स ग्रिलच्या आत चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा, टांगली. मध्ये चार-पाच बोटं जागा सोडलीय म्हणजे गरम हवा वरून निघून जाते.

एप्रिलमध्ये पाच वाजता काचेला हात टेकवला तर पूर्वी चटकाच बसायचा, आता कोमट लागते. एसी बंद झाला असं अजिबात नाही हां, मे मधल्या घामाला चिक काय करणार! पण सहा वाजल्यापासून लावायला लागायचा तो जेवणं झाल्यावर लागायला लागला, आणि 24 वर ठेवून पण खोली पटकन गार होते. महावितरणचं मे चं बिल गेल्या वर्षी 300 युनिटच्या वर, म्हणजे महागड्या स्लॅबमध्ये गेलेलं, यंदा आत राहिलं. अर्थात यंदा 26 मेलाच मान्सून मुंबईत आला, त्यामुळे सगळं श्रेय चिकला देत नाही.

छज्जा असताना चिक कशाला, असं बरेच जण विचारतात. अहो छज्जा बाराच्या उन्हाला ठीक, चार-पाचला सूर्य खाली उतरला की ऊन त्याच्या खालून सरळ आत येतं. दक्षिणेच्या खिडकीला म्हणूनच काही लावलं नाही, मे च्या मध्याला आपल्याकडे सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर असतो, तिथे छज्जा पुरतो.

आता डोकेदुखी. पावसाळ्यात खाडीवरचा वारा सुटला की चिक ग्रिलवर रात्रभर खडखड आपटते, जूनमध्ये गुंडाळून टाकली तरी खालच्या काड्यांना बुरशी आलीच, ऑक्टोबर हीटच्या आधी ब्रशने घासून कडक उन्हात वाळवली तेव्हा कुठे परत सोडता आली. सोबत मिळालेली सुती दोरी पावसात सडली, तिथे पहिल्यापासून नायलॉनचीच घ्या. सोसायटीचं एलिव्हेशनचं, म्हणजे बिल्डिंगच्या बाहेरच्या लुकबद्दलचं, पत्र आलं होतं, ग्रिलच्या बाहेर काही नाही हे दाखवल्यावर विषय मिटला. सासूबाईंची तक्रार मात्र कायम, संध्याकाळी फ्लेमिंगो दिसत नाहीत म्हणून त्या साडेपाचलाच चिक वर ओढतात, आणि उन्हाळ्यात नेमकं तेव्हाच ऊन सगळ्यात तिरकं!

शेजारच्यांनी हिरवी शेडनेट लावलीय, स्वस्त पडते, पण त्यांच्या हॉलमध्ये बसलं की चहापण हिरवा दिसतो.