लग्नसराईभर बॅट फाइली पॅरामीटर देऊन चालवल्या, त्याचा अनुभव

गिरगावात कांदेवाडीच्या पट्ट्यात लग्नपत्रिकांचं काम आहे आमचं. खाली काउंटर, मागे मशीन आणि डीटीपी पोटमाळ्यावर. तुळशीच्या लग्नाआधी विंडोजच्या त्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट, म्हणजेच सीएमडी) बॅट फाइली चालवायला लागलो आणि आता सीझन उतरलाय, जरा वेळ आहे, म्हणून लिहून काढतोय. प्रोग्रामर लोकांना यात नवीन काही मिळणार नाही, पण ज्यांचा अर्धा दिवस फाइलींची नावं बदलण्यात, साइज कमी करण्यात आणि पेनड्राइव्हवर टाकण्यात जातो त्यांना उपयोग होईल. खाली कमांडी देवनागरीत लिहिल्यात, मशीनवर अर्थात इंग्रजीतच टाकायच्या, आकडेसुद्धा.

बॅट फाइल म्हणजे कमांडी एकाखाली एक लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल, १९८१ च्या डॉसपासून चालत आलेली गोष्ट आहे ही. आमच्याकडे आधीही होत्या, कोणीतरी कधीतरी करून दिलेल्या, पण त्यात फोल्डरचं नाव आतच लिहिलेलं, म्हणजे नवीन पार्टी आली की फाइलची कॉपी मारा, नोटपॅडमध्ये उघडा, नाव बदला, आणि मग डेस्कटॉपवर 'बॅकअप२', 'बॅकअप२ नवीन', 'बॅकअप फायनल' अशी जत्रा. खरा फरक पडला तो पॅरामीटरने. फाइलच्या नावापुढे जे टाइप कराल ते आत %१, %२ असं मिळतं, %९ पर्यंत. फाइल एकच, माल वेगळा. %१० लिहून दहावा मिळेल असं समजू नका, तो %१ आणि त्याच्यापुढे शून्य असं वाचतो.

सगळ्यात जास्त वापरली ती प्रूफची फाइल. कोरलमधून (आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) काढलेली जेपीजी भली मोठी असते, पार्टीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला छोटी लागते, ते काम इमेजमॅजिक करतं, कमांडचं नाव नुसतं 'मॅजिक'. (जुन्या व्हर्जनला 'कन्व्हर्ट' होतं आणि विंडोजचं स्वतःचं एक 'कन्व्हर्ट' आहे, ते डिस्कचं फॉरमॅट बदलतं, त्यामुळे नेटवरचे जुने नुस्खे डोळे झाकून चालवू नका.) पहिला पॅरामीटर फाइल, दुसरा रुंदी, रुंदी दिली नाही तर १२०० धर. टाइप करून चालवायला एकदम झकास.

पण टाइप करतो कोण? मी. आमचे ऑपरेटर काका कोरलमध्ये जादू करतात, काळ्या खिडकीत एक अक्षर टाइप करणार नाहीत, आणि का करावं त्यांनी. त्यांच्यासाठी सोय अशी की एक्सप्लोररमधून फाइली उचलून बॅट फाइलच्या आयकॉनवर सोडायच्या, विंडोज त्या सगळ्यांचे पूर्ण पाथ (फाइल कुठे आहे तो पत्ता) पॅरामीटर म्हणून आत देतं. इथे माझी रचना आडवी आली, कारण चार फाइली सोडल्या की दुसरा पॅरामीटर रुंदी नसून दुसरी फाइल असते. मग क्रम उलटा केला. रुंदी आधी, फाइली नंतर कितीही. आणि काकांसाठी वेगळ्या दोन चिमुकल्या बॅट फाइली, 'प्रूफ छोटं' आणि 'प्रूफ मोठं', आत फक्त मुख्य फाइलला कॉल, पुढे रुंदी आणि पुढे %*, म्हणजे आलेलं सगळं जसंच्या तसं. कॉल हा शब्द विसरला तर दुसरी फाइल चालते खरी पण परत येत नाही, खाली लिहिलेला पॉज (बटण दाबेपर्यंत थांब) वगैरे काही होत नाही आणि खिडकी मिटून जाते. नंतर कळलं की शॉर्टकटच्या टार्गेटमध्येच रुंदी लिहून ठेवली तरी चालतं, सोडलेल्या फाइली तिच्यामागे जोडल्या जातात. तो शॉर्टकट सेंडटू फोल्डरमध्ये टाकला की राइट क्लिक, सेंड टू, झालं. काका आता तेच वापरतात.

कितीही फाइली घ्यायच्या तर शिफ्ट लागतं. %१ चं काम करा, शिफ्ट म्हणा, सगळे एक घर पुढे सरकतात, %१ रिकामा होईपर्यंत गोटू, म्हणजे परत वरच्या ओळीवर जा. यात एक खोच आहे जी माहीत असल्याशिवाय डोकं फुटेल. बॅट फाइल स्वतः ज्या फोल्डरमध्ये आहे तो %~डीपी० ने मिळतो, पण साधं शिफ्ट %० लाही सरकवतं, म्हणजे पहिल्या फेरीनंतर तुम्हाला बॅट फाइलचा फोल्डर न मिळता पार्टीच्या फाइलचा मिळतो. एकतर शिफ्ट /१ लिहा किंवा सुरुवातीलाच तो पाथ एका व्हेरिएबलमध्ये (नाव देऊन केलेली साठवणीची जागा) धरून ठेवा. मी दुसरं करतो. आणि %* वर शिफ्टचा काहीच परिणाम होत नाही, तो मूळचा तसाच राहतो. एका वेळी सगळा सीझन सिलेक्ट करून सोडाल तर तेही चालणार नाही, सीएमडीच्या ओळीला ८१९१ अक्षरांची मर्यादा आहे आणि आपले पाथ लांबलचक.

आता अवतरणचिन्हं. माझ्या मते सगळी लढाई इथेच आहे. नावात स्पेस असेल तर सोडताना विंडोज पाथला अवतरणात गुंडाळून देतं, आत %~१ लिहिलं की ती चिन्हं निघतात आणि मग तुम्ही स्वतः पाहिजे तिथे परत लावायची, "%~१" असं, कायम. आमच्या धंद्यात निम्म्या फाइलींची नावं अमित & प्रिया अशी. दोन्ही बाजूंना स्पेस असली तर ठीक, अवतरणात येतं. पण कोणी घाईत अमित&प्रिया असं चिकटून ठेवलं की स्पेस नाही म्हणून अवतरण नाही, आणि सीएमडीसाठी & म्हणजे 'इथे पहिली कमांड संपली, दुसरी सुरू'. मग स्क्रिप्टला मिळतो फक्त 'अमित' आणि प्रिया.जेपीजी ही वेगळीच कमांड समजून चालवायला जातो. स्क्रिप्टच्या आत याला इलाज जवळजवळ नाही, कारण तुटायचं ते आधीच तुटलेलं असतं, म्हणून पोटमाळ्यावर कागद चिकटवलाय की फाइलच्या नावात & टाकायचं नाही, अंडरस्कोर टाका. व्हेरिएबलमध्ये भरताना पण सेट "नाव=%~१" असं अख्खं अवतरणात लिहायचं, नाहीतर स्पेसवालं & सुद्धा तिथे तुटतं. आणि उद्गारचिन्ह! डिलेड एक्स्पान्शन (व्हेरिएबल !नाव! असं लिहून ऐनवेळी वाचायची सोय) चालू असेल तर 'शुभविवाह!!' मधली उद्गारचिन्हं गिळून टाकतो, मग स्क्रिप्ट म्हणते अशी फाइलच नाही.

टिंबांची गंमत तर फक्त मराठी माणसालाच भेटेल. %~एन१ म्हणजे एक्स्टेन्शन सोडून नाव, %~एक्स१ म्हणजे एक्स्टेन्शन. पार्टीचा फोल्डर असतो 'चि.अमित_चि.सौ.कां.प्रिया'. फोल्डरला एक्स्टेन्शन कुठून आलं, पण सीएमडी शेवटच्या टिंबानंतरचं सगळं एक्स्टेन्शनच समजतं, म्हणून %~एन१ ने नवरीचं नाव गायब, उरतं 'चि.अमित_चि.सौ.कां' आणि त्याच नावाने आउटपुट फोल्डर. फोल्डर असेल तर नेहमी %~एनएक्स१ लिहायचं.

देवनागरी नावांबद्दल लोक घाबरवतात पण पॅरामीटर म्हणून ती व्यवस्थित येतात, जुन्या खिडकीत दिसताना चौकोन दिसतात एवढंच. त्रास होतो तो बॅट फाइलच्या आत मराठी लिहिलं तर, किंवा डिर (फोल्डरमधल्या फाइली दाखवणारी कमांड) ची यादी टेक्स्ट फाइलमध्ये ओतली तर, नुसती प्रश्नचिन्हं. त्यावर सुरुवातीला सीएचसीपी ६५००१ ही ओळ (खिडकीला यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या चालणारं एन्कोडिंग, वाचायला लावते) आणि फाइलही यूटीएफ-८ मध्ये सेव्ह, पण बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीला लागणारी न दिसणारी खूण). बीओएम असेल तर पहिल्याच ओळीच्या आधी कचरा लागतो आणि एको ऑफ (कमांडी पडद्यावर दाखवू नको) चालतच नाही.

संध्याकाळचा बॅकअप रोबोकॉपीने, विंडोजचीच फाइली कॉपी करायची कमांड. पेनड्राइव्हचं अक्षर कधी ई कधी एफ, म्हणून तेच पॅरामीटर. दोन गोष्टी सांगतो. एक, /एमआयआर वापरू नका जोपर्यंत नक्की काय करताय ते माहीत नाही, तो सोर्समध्ये नसलेलं डेस्टिनेशनमधून उडवतो, आणि पॅरामीटरमधून चुकून रिकामा फोल्डर गेला तर बॅकअपच साफ. मी /ई वापरतो, आणि नवीन काही बदललं की आधी /एल लावून नुसतं काय होणार ते बघून घेतो. दुसरं, रोबोकॉपी परत देतो तो आकडा १ असेल तर ती चूक नाही, फाइली कॉपी झाल्या असा अर्थ. ८ किंवा त्याच्यावर गेलं तरच काहीतरी बिनसलं. बरं, इफ एररलेव्हल ८ याचा अर्थच '८ किंवा जास्त' असा आहे, त्यामुळे इथे एका ओळीत भागतं. पाथच्या शेवटी बॅकस्लॅश ठेवून लगेच अवतरण बंद करू नका, रोबोकॉपी ते अवतरण पाथचाच भाग समजतो.

पॉवरशेल (विंडोजचीच स्क्रिप्ट चालवायची नवी खिडकी) का नाही असं भाचा विचारत होता, तो कॉलेजला आहे, त्याला हे सगळं बाबा आदमच्या काळचं वाटतं. मान्य आहे, स्पेस आणि & ची कटकट तिकडे बरीच कमी, पॅरामीटरला नाव देता येतं, आकडा मागितला तर आकडाच घेतो. पण पॉवरशेलच्या फाइलवर डबल क्लिक केलं की ती नोटपॅडमध्ये उघडते, वर फाइली सोडून चालत नाही, आणि घरगुती विंडोजवर स्क्रिप्टना मुळातच परवानगी बंद असते. काकांसाठी मला आयकॉन पाहिजे, भाच्यासाठी नाही.

फोल्डरच्या नावातल्या तारखेच्या बाबतीत मात्र त्याचं ऐकलं. %डेट% मशीनच्या रीजन सेटिंगप्रमाणे बदलतं, वरच्या मशीनवर दिवस-महिना-वर्ष, खालच्यावर कोणीतरी अमेरिकन ठेवलेलं, त्यात स्लॅश, आणि स्लॅश फोल्डरच्या नावात चालत नाही. डब्ल्यूएमआयसी (विंडोजकडून माहिती काढायची जुनी कमांड) वरचा जुना उपाय सगळीकडे सापडतो पण विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ते मुळात चालूच नसतं. म्हणून तेवढी एक ओळ बॅट फाइलमधून पॉवरशेलला विचारते, वर्ष-महिना-दिवस असं उत्तर घेते आणि पुढे पॅरामीटर म्हणून देते. खिडकी उघडल्यावर क्षणभर थांबल्यासारखं वाटतं ते त्यामुळे, काकांनी विचारलं होतं हँग झालं का म्हणून.

पाचपैकी चार देईन. कापलेला एक & साठी.