सहकार्याचा अभ्यास: संगणकावर की बाजारात?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी माझी भाची विचारत होती, "मावशी, माणसं एकमेकांना का सांभाळून घेतात यावर प्रकल्प करायचाय. संगणकावर त्यांच्या वागण्याचं प्रतिरूप (मॉडेल) करू की लोकांत जाऊन बघू?"

खर्च दोन्हीकडे किरकोळ. अशी प्रतिरूपं बनवायचं नेटलोगो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि बाजार बघायला खंडेराव मार्केटपर्यंतचं रिक्षाभाडं.

वेळेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. संगणकावर प्रतिरूपाच्या हजार फेऱ्या चहा निवेपर्यंत होतात. 1980 च्या सुमारास राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणक-प्रोग्रामांची स्पर्धा घेतली, दर फेरीला सहकार्य करायचं की दगा द्यायचा हे प्रोग्रामनं ठरवायचं, आणि 'जशास तसं' हा सर्वांत छोटा प्रोग्राम जिंकला: आधी सहकार्य, मग समोरच्यानं केलं तेच. एकच गोष्ट बदलून परिणाम तपासता येतो, हे इथलं खरं बळ. पण आपण जे घातलंच नाही, ते त्यातून निघणार कसं?

बाजारात भाजीवाली पाणी प्यायला उठते, शेजारीण तिचं गिऱ्हाईक करते आणि पैसे तिच्याच गोणपाटाखाली सरकवते. हा हिशेब कुणी लिहीत नाही. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक पाण्याचे, जंगलांचे नियम असेच प्रत्यक्ष समाजांत अभ्यासले. यात महिने जातात, आणि नेमकं कारण वेगळं काढणं अवघड.

गणिताची गोडी आणि एकाच सत्राची मुदत असेल तर संगणक. वर्ष हाताशी असेल, लोकांशी बोलायला आवडत असेल तर बाजार. भाचीला मी बाजारच सुचवला; तिचं गुजराती फार गोड आहे.