एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्यायचीय? मग ती करंट कुठून घेणार ते आधी बघा

डिस्क घेताना सगळे टीबी किती आणि ऑफर कुठे चाललीय एवढंच बघतात, करंटचं कुणी विचारत नाही, आणि मग घरी आणल्यावर "डिटेक्टच होत नाही", "टिक टिक करतेय", "कॉपी मधेच तुटते" सुरू होतं. अशा वेळी पुष्कळदा डिस्क एकदम ठणठणीत असते, बिचारीला पुरेसा करंट मिळत नसतो.

बाजारात तीन प्रकार आहेत: छोटी २.५ इंची पोर्टेबल, मोठी ३.५ इंची अॅडॉप्टरवाली, आणि एसएसडी म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपवर डेटा साठवणारी.

छोटी पोर्टेबल पूर्ण ५ व्होल्टवर चालते आणि यूएसबी पण ५ व्होल्टच देतं, म्हणून एका केबलमध्ये डेटा आणि वीज दोन्ही भागतं. खरी गडबड सुरुवातीच्या काही सेकंदांत असते, थांबलेली चकती फिरवायला मोटर एकदम १ एम्पियरच्या आसपास ओढते, नंतर मात्र निम्म्यावर येते. आता पोर्टचं बघा, यूएसबी २.० च्या नियमात ५०० मिलिएम्पियर म्हणजे २.५ वॅट, आणि ३.० मध्ये ९०० म्हणजे ४.५ वॅट. लॅपटॉपचे बरेच पोर्ट नियमापेक्षा थोडं जास्त सोडतात म्हणून तिथे चालून जातं, पण तीच डिस्क टीव्हीला, राउटरला किंवा जुन्या पीसीच्या पुढच्या पोर्टला लावली की रडते. पीसी असेल तर मागचा पोर्ट वापरा, तो थेट मदरबोर्डवर असतो, पुढच्याला आतून अजून एक वायर जाते आणि तिच्यातही व्होल्टेज पडतं. रास्पबेरी पाय हा एका बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनी तर जास्तच बघावं, त्याच्या पाय ४ मॉडेलवर चारही यूएसबी मिळून १.२ एम्पियर, आणि पाय ५ ला ५ एम्पियरचा अॅडॉप्टर नसेल तर फक्त ६०० मिलिएम्पियर.

आणि केबल! याकडे कुणाचंच लक्ष नसतं. २८ गेजची बारीक तार असेल तर एक मीटरला जाऊन-येऊन साधारण ०.४ ओहम, म्हणजे १ एम्पियर ओढताना ०.४ व्होल्ट वाटेतच गेले, पोर्टवर ५ असले तरी डिस्कला ४.६ मिळणार, आणि पोर्टच मुळात ४.८ देत असेल तर ४.४, तिथे डिस्क हात टेकते. तेवढ्याच लांबीच्या २४ गेजच्या जाड केबलमध्ये (गेजचा आकडा जितका कमी तितकी तार जाड) ०.२ व्होल्टपेक्षाही कमी जातात. म्हणून डिस्कसोबत आलेली आखूड केबलच वापरा, तीन मीटरची स्वस्त केबल घेऊन टेबलाखालून फिरवत बसू नका. दोन पोर्टमधून करंट घेणारी दोन तोंडांची वाय केबल मिळते, ती यूएसबीच्या नियमात बसत नाही, त्यापेक्षा स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) बरा. बिनअॅडॉप्टरचा हब तर नकोच, २.० च्या अशा हबला नियमाने एका पोर्टवर १०० मिलिएम्पियरच द्यायचे असतात.

मोठ्या ३.५ इंचीच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात आणि सुरू होताना २ एम्पियरपर्यंत, म्हणजे २४ वॅट, ते साध्या यूएसबीच्या आवाक्यात नाही, म्हणून वेगळा अॅडॉप्टर. (सीगेटने २०१६ मध्ये ८ टीबीची अशी डिस्क फक्त टाइप-सी वर चालवून दाखवली होती, पण तो अपवाद.) फायदा हा की पोर्ट कितीही मरतुकडा असो, डिस्कला फरक पडत नाही, आणि टीबीमागे पैसेही सगळ्यात कमी. तोटा मात्र आपल्याकडे मोठा आहे, लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्क मधेच बंद, लिहिणं चालू असेल तर फाइल गेली. ही घ्यायची तर यूपीएसचा खर्च धरूनच हिशोब करा. अॅडॉप्टरवर नावाची पट्टी चिकटवून ठेवा, कारण पिन सारखी दिसते म्हणून १९ व्होल्टचा घुसवला तर डिस्कचा बोर्ड जळू शकतो.

एसएसडीत मोटरच नाही त्यामुळे सुरुवातीचा तो झटका नाही. साटावाली म्हणजे साधी, कमी वेगाची जात २-३ वॅटमध्ये निवांत चालते, एनव्हीएमईवाली म्हणजे जास्त वेगवान जात मोठी कॉपी करताना ५ वॅटच्या वर जाऊ शकते, आणि मग टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे १५ वॅट मिळणारच असं धरू नका, काही सी पोर्ट ९०० मिलिएम्पियरवरच थांबतात. मोबाइलला लावायची तर साटावाली जास्त भरवशाची.

माझं मत विचाराल तर शूटिंगला, लग्नाच्या कामाला बाहेर फिरणाऱ्यांनी महाग पडली तरी एसएसडीच घ्यावी. घरात एका जागी ठेवून वर्षानुवर्षांचे फोटो साठवायचे तर ३.५ इंची, यूपीएसवर. छोटी पोर्टेबल वाईट नाही, फक्त तुमच्याकडे ३.० पोर्ट हवा आणि टीव्हीला लावायचा हट्ट नको. दुकानातल्या पीसीवर चालली म्हणून लगेच पैसे देऊ नका, आपला लॅपटॉप सोबत न्या, चार्जर काढून बॅटरीवर लावून बघा आणि दहा-वीस जीबीची कॉपी पूर्ण होऊ द्या.