पोर्ट फॉरवर्डिंग चालते का, हे कोणत्या पद्धतीने तपासावे?

वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागेतील कॅमेरे घरच्या संगणकाला जोडून त्यांचे चित्र नागपुरात बसून पाहायचे असेल, तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून ठरावीक पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) आलेली विनंती घरातल्या संगणकाकडे पाठवण्याचा, नियम लिहिल्याने अर्धेच काम होते. तपासणीची पद्धत चुकली, तर चालू असलेली जोडणी बंद भासते आणि माणूस नीट असलेली सेटिंग पुन्हा पुन्हा बदलत बसतो.

बहुतेक जण घरच्याच वायफायवरून आपला सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर बाहेरून दिसणारा पत्ता) आणि पोर्ट ब्राउझरमध्ये टाकून पाहतात. या पद्धतीवर निर्णय सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण घरातून निघालेली विनंती राउटरवरूनच परत घरात वळवण्याची सोय, म्हणजे हेअरपिन नॅट, अनेक राउटरांत नसते, आणि मग बाहेरच्यांसाठी उघडे असलेले पोर्टही घरातून बंद दिसते.

पोर्ट तपासणारे संकेतस्थळ त्यापेक्षा बरे, कारण ते खरोखर बाहेरून जोडणी करून पाहते आणि काही सेकंदांत उत्तर देते. मात्र अशी बहुतेक संकेतस्थळे फक्त टीसीपी ही डेटा पाठवण्याची एक पद्धत तपासतात. वायरगार्डसारखे यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालणारे व्हीपीएन (इंटरनेटवरून घरच्या जाळ्यात शिरण्याचा सुरक्षित मार्ग) असेल, तर त्यांच्या उत्तराचा उपयोग नाही. शिवाय त्या पोर्टवर ऐकणारा (विनंतीची वाट पाहणारा) प्रोग्राम संगणकावर चालू नसेल, तर नियम बरोबर असूनही उत्तर ‘बंद’ असेच येते. म्हणून आधी संगणकावरील उघडी पोर्ट दाखवणाऱ्या नेटस्टॅट कमांडने तो प्रोग्राम ऐकत आहे याची खात्री करावी.

मी मोबाईल डेटाला पहिली पसंती देतो. फोनचे वायफाय बंद करून तेच कॅमेऱ्याचे पान उघडावे. प्रत्यक्ष वापर जसा होणार, तशीच ही तपासणी होते. गावात रेंज कमी असेल, तर शहरातल्या नातेवाइकाला फोन करून त्याच्याकडून पान उघडवून घ्यावे. जोडणी लगेच नाकारली गेली, तर विनंती निदान राउटरपर्यंत पोहोचल्याची शक्यता मोठी असते. बराच वेळ थांबून काहीच आले नाही, तर विंडोजची फायरवॉल (बाहेरच्या जोडण्या अडवणारी सोय) किंवा इंटरनेट सेवादात्याची अडवणूक तपासावी.

राउटरच्या पानावरील वॅन पत्ता (सेवादात्याने राउटरला दिलेला पत्ता) 100.64 ते 100.127 यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो सार्वजनिक नसतो आणि तिन्ही पद्धतींत अपयशच येणार. सिमकार्डवर चालणाऱ्या राउटरांत हे वारंवार आढळते. तेव्हा सेवादात्याकडे सार्वजनिक पत्ता मागावा किंवा पोर्ट न उघडता उपकरणे जोडणाऱ्या टेलस्केल सेवेसारखा मार्ग धरावा.

भारनियमनानंतर राउटर पुन्हा सुरू झाला की सार्वजनिक पत्ता बदलू शकतो आणि संगणकाचा घरातला पत्ताही. घरातला पत्ता राउटरमध्ये राखून ठेवावा आणि वीज आल्यावर मोबाईल डेटावरून एकदा पुन्हा पाहावे.