कॉमन ॲपची शिफारसपत्रांची सोय: टपाल चोख, पत्रे कच्ची

गोव्यात बारावीनंतरचा प्रवेश गुणांवर नाहीतर नीट-जेईईवर ठरतो. शिफारसपत्र हा प्रकार सर-टीचरांच्या सवयीचा नाही, म्हणून अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायचे पोर्टल, म्हणजे कॉमन ॲप, उघडले की खरी तारांबळ इथेच उडते.

पोर्टलचे स्वतःचे काम चोख आहे. शिक्षकांना पैसे पडत नाहीत आणि एकदा चढवलेले पत्र नेमलेल्या सगळ्या कॉलेजांना जाते. क्रम मात्र पाळावा लागतो: आधी यादीत एखादे कॉलेज, मग फेर्पाचा (विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयीच्या अमेरिकी कायद्याचा) फॉर्म, त्यानंतर शिक्षकांना आमंत्रण. पत्र पुढे पाहण्याचा हक्क सोडता का, असे फेर्पात विचारतात. सोडावा. राखून ठेवला तर पत्र मोकळेपणाने लिहिलेले नसेल, अशी शंका वाचणाऱ्याला येते. शाळेचा समुपदेशक (काउन्सेलर) सगळ्या कॉलेजांना आपोआप जोडला जातो, पण विषयशिक्षकाला प्रत्येक कॉलेजपुढे वेगळे नेमावे लागते. हे राहिले की पत्र चढूनही तिकडे पोचत नाही. आमंत्रणाची मेल स्पॅममध्ये पडली नाही ना, तेही विचारा.

समुपदेशकाचा रकाना अमेरिकी शाळेच्या मापाने शिवलेला आहे. आपल्या हायर सेकंडरीत तो प्राचार्यांच्या गळ्यात पडतो. गुणपत्रिकांसोबत त्यांनी शाळेची माहिती देणारे एक पान जोडायचे असते: गोवा बोर्डात जीपीए (अमेरिकी पद्धतीची श्रेणी-सरासरी) नाही, उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात, शाळेत ९० च्या वर किती जण जातात. हे पान नसेल तर आपले ८२ टक्के तिकडे बेताचे वाटतात.

सगळ्यात कच्ची बाजू पत्राची. शिक्षकांच्या फॉर्ममधल्या गुणवत्तेच्या तक्त्यात ‘कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक’ या शेवटच्या चौकटीत मायेने सगळीकडे खूण होते आणि पत्रात ‘हुशार, नम्र, होतकरू’ एवढेच. दोन्ही जुळत नाहीत. त्यापेक्षा असे लिहावे: रसायनशास्त्राच्या प्रयोगात टायट्रेशनची तीन रीडिंगे जुळेनात तेव्हा बाकीच्यांनी ०.१ मिली इकडेतिकडे केले. या मुलीने ब्युरेट धुऊन पुन्हा सुरुवात केली. शिक्षकांना हे आठवावे म्हणून विद्यार्थ्याने असे तीन-चार प्रसंग एका पानावर लिहून द्यावेत. आख्खे पत्र लिहून देऊ नये. भाषा लगेच ओळखू येते.

पोर्टलचे नवे वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि लवकरच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते. मध्ये चवथ (गणेशचतुर्थी), मग सहामाही परीक्षा, आणि नेमक्या मुदतीच्या सुमाराला दिवाळीची सुटी. चवथीच्या आधी सांगितले तर पत्र निवांत लिहून होते.

अमेरिकेतल्या एमआयटीचे पोर्टल वेगळे. तिथे एक पत्र गणित-विज्ञानाच्या आणि दुसरे भाषा-सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचे लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठ पदवीच्या अर्जासोबत सहसा पत्र मागतच नाही, तेव्हा त्यासाठी सरांना उगाच लिहायला बसवू नका.