काजवा कॅम्पच्या नावाखाली आमचे १५,७०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

भंडारदऱ्याच्या काजवा कॅम्पसाठी कुणी ॲडव्हान्स मागत असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचा. जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही आठ जण, त्यात तीन मुलं आणि ६२ वर्षांच्या सासूबाई, ठाण्याला तीन हात नाक्याच्या पुलाखाली सॅक घेऊन भर दुपारी अडीच तास उभे होतो. बस आलीच नाही. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे: फोन बंद, ग्रुपमधून आम्हाला काढलेलं, पेज गायब.

मी भोळी नाही. दोन वर्षांपूर्वी राजमाचीला असंच एका ट्रेक ग्रुपबरोबर गेलो होतो. तेव्हाही जाहिरात इन्स्टावर, बोलणं व्हॉट्सअॅपवर, पैसे यूपीआयने. सगळं नीट झालं होतं. खरे लोकही असेच काम करतात, मग शंका कुठून येणार? शिवाय काजव्यांचे दिवस मोजके. मेअखेर ते दिसायला लागतात आणि जूनमध्ये पावसाने जोर धरला की संपतात. १५ जूनच्या आसपास मुलांची शाळा. सुट्टीतले शनिवार संपत आले होते आणि ‘तीनच तंबू उरलेत’ असा मेसेज आला. मी घाई केली. कुणीही केली असती.

हिशोब सांगते. मोठ्यांचे माणशी १,८०० आणि मुलांचे १,२००, म्हणजे पाच मोठे, तीन मुलं मिळून १२,६००. त्यातले ६,३०० आधी भरले. बुधवारी निरोप आला की वनखात्याला यादी द्यायची आहे, उरलेले ६,३०० आजच भरा. भरले. गुरुवारी तीन तंबूंचं डिपॉझिट १,५००, ‘परत मिळेल’ म्हणून. शुक्रवारी रात्री साडेनऊला अभयारण्याच्या परमिटचे माणशी २००, म्हणजे १,६००. तेही भरले, कारण तोवर १४,१०० अडकले होते आणि सॅक भरून दारात ठेवलेल्या होत्या. धाकट्याने टॉर्चला लाल जिलेटीन पेपर रबरबँडने बांधून ठेवला होता, काजव्यांना उजेडाचा त्रास नको म्हणून. अशा वेळी १,६०० रुपयांसाठी कोण माघार घेतं?

पण एक क्षण असा होता की तिथे मी थांबायला हवं होतं, आणि तो आठवला की आजही जीव जळतो.

सासूबाईंचं माहेर अकोले तालुक्यातलं, म्हणजे भंडारदऱ्याच्याच भागातलं. सोमवारी ग्रुपवर एक फोटो आला, खाली लिहिलेलं, ‘कालचा आपला कॅम्प’. तीन पिवळे तंबू, मागे हिरवागार डोंगर आणि त्यावरून कोसळणारा पांढराशुभ्र धबधबा. मी कौतुकाने आईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, हा या दिवसांतला नाही. आमच्याकडं आत्ता गवत करपलेलं असतं. एवढं पाणी डोंगरावर कुठून येईल?” मी म्हटलं, “आई, जुना टाकला असेल हो.” ‘कालचा’ असं स्पष्ट लिहिलेलं असताना मी त्या माणसाची बाजू घेतली! ज्या बाईचं बालपण त्या डोंगरात गेलं तिचं ऐकलं नाही. त्या दिवशी फक्त ६,३०० गेले होते.

दुसरी खूण क्यूआरची. स्कॅन केल्यावर ट्रेक ग्रुपचं नाव न येता कुठल्या तरी बाईचं नाव आलं. विचारलं तर ‘आमच्या अकाउंटंट मॅडम’. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर बँकेतलं जे नाव दिसतं, ते वाचा आणि पटलं नाही तर तिथेच थांबा. परमिटचंही तसंच. आम्ही स्वतःच्या गाडीने पूर्वी गेलो होतो तेव्हा भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावाच्या नाक्यावरच पावती फाडली होती. हे मला माहीत होतं आणि तरीही मी आदल्या रात्री पैसे पाठवले.

पुलाखाली आणखी एक कुटुंब उभं होतं, कल्याणचं. त्यांचा ग्रुप वेगळा होता. दोघींनी मोबाइल शेजारी धरून पाहिले. ‘आमच्या आजींना चालायला जमेल का?’ हा प्रश्न दोन्हीकडे, त्याच शब्दांत, वेगवेगळ्या नावांनी. ग्रुपमधली ती चौकशी करणारी माणसं त्या भामट्यांचीच होती. त्या आजींचा प्रश्न वाचूनच मी सासूबाईंना न्यायचं ठरवलं होतं.

आता तक्रारीचं ऐका. संध्याकाळी ४:४० ला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लागला. तिथे तक्रार घेतली, क्रमांक दिला, चांगलं बोलले. पण पहिले पैसे जाऊन आठवडा झाला होता. म्हणून सांगते, संशय आला त्या मिनिटाला १९३० लावा, बस येते का याची वाट बघू नका. पोलीस ठाण्यात गेलो तर ‘सायबरला जा’. सायबरला गेलो तर ‘आधी तुमच्या ठाण्यातून पत्र आणा’. परत ठाण्यात. तिथे साहेबांनी माझ्या नवऱ्यासमोर विचारलं, “मॅडम, शिकलेल्या ना तुम्ही?” मी चोरी केली होती का? चौथ्या फेरीला ऐकवलं की १५ हजारांसाठी कुठे धावता, लोकांचे लाखो गेलेत. रक्कम लहान म्हणून गुन्हा लहान होतो का? आमच्यासारखी पन्नास घरं धरली तर किती होतात, तो हिशोब कुणी करायचा? दुसरीकडचा गुन्हा असला तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार घेता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे, हे मला घरी येऊन स्वतः वाचावं लागलं. तिथल्या एकानेही सांगितलं नाही. जाताना तक्रार लेखी न्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

बँकेत तर दोन मिनिटांत विषय संपवला. “पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार?” समोरच्याचं खातं गोठवलं का, एवढंच विचारलं, तर ‘ती माहिती देता येत नाही’. दीड महिना झाला, सायबर तक्रारीच्या पोर्टलवर अजून ‘प्रक्रियेत’ एवढंच दिसतं.

महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि नुसत्या फोटोवर न विसंबता संचालनालयाकडे विचारून खात्री करा. गावातल्या माणसाशी थेट बोलता आलं तर सर्वांत बरं: तंबू कुणाच्या शेतात लागणार, जेवण कुणाच्या घरचं, हे नावानिशी विचारा. खऱ्या आयोजकाला ते तोंडपाठ असतं. बसचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन आदल्या दिवशी मिळाला नाही तर उरलेले पैसे देऊ नका. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्यावर दिसणारा व्यवहार क्रमांक) आणि ग्रुपचे स्क्रीनशॉट वेळीच काढून ठेवा. आम्हाला काढल्यावर मेसेज तरी उरले, कल्याणच्या ताईंनी रागाच्या भरात सगळं चॅट डिलीट केलं आणि आता त्यांच्याकडे काहीच पुरावा नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या पुतणीला नवीन नावाचं एक पेज दिसलं. पावसाळी ट्रेक, फॅमिली स्पेशल, माणशी १,४९९. फोटो तोच, तीन पिवळे तंबू आणि मागे धबधबा. मी ती लिंक तक्रार क्रमांकासह ठाण्यात नेऊन दिली. ‘बघतो’ म्हणाले. पेज आज सकाळीही चालू होतं. तो फोटो तुम्हाला कुठे दिसला तर एक रुपयाही पाठवू नका.